सात वर्षांच्या मुलाचा खुबा: ऑपरेशन करायचं की थांबायचं?

प्रश्न कोकणातल्या एका आईचा आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आखूड करून देते.

"मुलगा ७ वर्षं २ महिन्यांचा, दुसरीत. गणपतीच्या सुमारास डावा पाय ओढत चालायला लागला, गुडघा दुखतो म्हणायचा. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला. नोव्हेंबरात खुब्याचा काढला तेव्हा ‘पर्थेस’ आहे असं कळलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आपोआप बरं होतं, सहा महिन्यांनी दाखवा. लंगडणं वाढलं म्हणून जानेवारीत शहरात नेलं, नवा एक्स-रे काढला. ते म्हणतात महिन्याभरात ऑपरेशन करू. सासूबाईंच्या ओळखीचे एक हाडवैद्य तेल लावून बसवून देतो म्हणतात. नेटवर वाचलं की रक्तपुरवठा बंद पडला की खुबा बदलावा लागतो. मला झोप नाही. कोणाचं ऐकू?"

ताई, या वयात खुबा बदलावा लागणार नाही. आज रात्री झोपण्यापुरतं हे एक वाक्य धरून ठेवा. तुम्ही नेटवर जे वाचलंत ते मोठ्या माणसांबद्दल आहे. मोठ्या माणसाच्या खुब्यातलं हाड रक्ताविना मेलं की ते सहसा पुन्हा नीट उभं राहत नाही. लहान मुलात राहतं. मेलेलं हाड शरीर स्वतःच हळूहळू उचलून नेतं, रक्त परत येतं आणि त्याच जागी नवं हाड भरतं. तालुक्याचे डॉक्टर ‘आपोआप बरं होतं’ म्हणाले ते या अर्थानं अगदी खरं आहे. पण बरं होताना त्या हाडाचा आकार काय राहील, ते आपोआप ठरत नाही. तुमच्यासमोरचा सगळा प्रश्न त्या आकाराचा आहे.

मी बावीस वर्षं फक्त मुलांच्या हाडांचं काम करते. तुमच्यासारखे, दोन डॉक्टरांची दोन मतं घेऊन आलेले आईवडील मी दर महिन्याला बघते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी आजार समजून घ्या. खुब्याचा सांधा म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि कमरेच्या हाडातली वाटी. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट जास्त, काही कारणानं या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो. नेमकं कारण आजही सापडलेलं नाही. तुम्ही पुढे विचारलंय की पायरीवरून पडला होता म्हणून झालं का, खाण्यात काही कमी पडलं का. नाही. तुमच्या हातून काही राहून गेल्यामुळे हे झालेलं नाही. १९१० साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थेस या तिघांनी एकमेकांशी संबंध नसताना याचं वर्णन केलं. त्याआधी अशी मुलं खुब्याचा क्षयरोग समजून महिनोन् महिने पलंगाला बांधून ठेवत. एक्स-रे आल्यावरच दोन्हीतला फरक दिसायला लागला.

पूर्ण आजार दोन ते चार वर्षं चालतो. पहिले काही महिने डोकं एक्स-रेत घट्ट पांढरं दिसतं. मग त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात, हा टप्पा साधारण वर्षभराचा. मग नवं हाड भरायला लागतं आणि शेवटी सगळं जुळून येतं. यातला तुकड्यांचा टप्पा सगळ्यात नाजूक, कारण तेव्हा डोकं मऊ असतं, ओल्या मातीसारखं. ओली माती साच्यात राहिली तर साच्याचा आकार घेते. निम्मी साच्याबाहेर आली तर साच्याची कड तिच्यात रुतते. इथे साचा म्हणजे वाटी. डोकं मऊ असेपर्यंत त्याला वाटीच्या आत ठेवायचं, बस. पर्थेसची प्लास्टरं, पट्टे, ऑपरेशनं सगळी याच एका कामासाठी आहेत. ऑपरेशननं रक्तपुरवठा सुरू होत नाही, आजार लवकर संपतोच असंही नाही. हे माहीत असलं की तुम्हाला सर्जनशी बोलणं सोपं जाईल.

आता तुमच्या दोन मतांकडे येऊ. तुम्ही पाठवलेले दोन्ही एक्स-रे मी शेजारी शेजारी लावून बघितले. नोव्हेंबरच्या फिल्ममध्ये डावं डोकं उजव्यापेक्षा थोडं लहान, घट्ट पांढरं, पण पूर्ण वाटीच्या आत आहे. जानेवारीच्या फिल्ममध्ये त्याच डोक्यात दोन भेगा आल्या आहेत, म्हणजे तुकड्यांचा टप्पा नुकता सुरू होतोय, आणि बाहेरच्या बाजूची एक कड वाटीच्या छपराबाहेर डोकावतेय. ‘वाट बघा’ म्हणणाऱ्यांनी पहिली फिल्म बघितली, ‘ऑपरेशन करा’ म्हणणाऱ्यांनी दुसरी. तुम्हाला हे दोन डॉक्टरांचं भांडण वाटतंय. मधल्या दोन महिन्यांत आजारच पुढे सरकलाय. नोव्हेंबरात मीही कदाचित थांबा म्हटलं असतं. फक्त सहा महिने म्हटलं नसतं. या वयात, या आजारात सहा ते आठ आठवड्यांनी मूल पुन्हा बघायला हवं, निदान नीट तपासायला तरी हवं. सहा महिन्यांत ती कड डोकावण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत सहज पोचू शकते.

वयाचं काय? इथे जगभरात एकमत नाही, आणि तुमचा मुलगा नेमका मतभेदाच्या रेषेवर बसलाय. मोजायचं वय असतं ते आजार सुरू झाला तेव्हाचं, म्हणजे त्याचं ६ वर्षं १० महिने. वय इतकं महत्त्वाचं का, तर लहान मुलाकडे पुढे वाढीची वर्षं जास्त शिल्लक असतात. डोकं थोडं चपटं झालं तरी वाढता वाढता ते आणि वाटी एकमेकांना जुळवून घेतात. दहा वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ मिळत नाही.

अमेरिकेत चारशेहून अधिक मुलांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याच्या बाहेरच्या बाजूच्या भागाची, म्हणजे बाहेरच्या ‘खांबा’ची, उंची किती टिकली आहे यावरून त्यात मुलांचे गट केले होते. आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या आणि खांब निम्म्याच्या आसपास टिकलेल्या मुलांना ऑपरेशनचा स्पष्ट फायदा झाला. आठच्या आतली, खांब निम्म्याहून जास्त टिकलेली मुलं ऑपरेशन केलं न केलं तरी सारखीच चांगली राहिली. आणि ज्यांचा खांब निम्म्याहून जास्त ढासळला होता त्यांचं दोन्हीकडे फारसं बरं झालं नाही. नॉर्वेत देशभरातल्या ३६८ मुलांचा पाच वर्षं पाठपुरावा करून २००८ मध्ये निष्कर्ष आला. तिथे रेषा सहा वर्षांवर पडली: सहाच्या पुढचं मूल आणि अर्ध्याहून जास्त डोकं बाधित असेल तर मांडीच्या हाडाचं ऑपरेशन हे व्यायाम आणि पट्टा या दोन्हींपेक्षा सरस. सहाच्या आत काही फरक नाही.

आपल्याकडचा अनुभव मला जास्त जवळचा वाटतो. मणिपालला डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१० मुलांचे एक्स-रे टप्प्याटप्प्यानं तपासून २००३ मध्ये मांडणी केली. पश्चिम किनाऱ्यालगतच्या दक्षिण भागात हा आजार बराच दिसतो आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा थोड्या मोठ्या वयात सुरू होतो. त्यांच्या कामातून दोन गोष्टी माझ्या रोजच्या सरावात आल्या. एक, डोक्याचा साधारण पाचवा हिस्सा वाटीबाहेर गेला की ते वेडंवाकडं होण्याची शक्यता झपाट्यानं वाढते. दोन, डोकं आत ठेवण्याचं ऑपरेशन करायचंच असेल तर ते तुकड्यांच्या टप्प्याच्या सुरुवातीपर्यंत केलं तरच उपयोगी. नवं हाड भरायला लागल्यावर केलं तर आकार आधीच ठरून गेलेला असतो. सातच्या आत असेल तर कड बाहेर येतेय का यावर नजर ठेवायची आणि आली तर लगेच करायचं. सातच्या पुढे असेल तर फार वाट न बघता करायचं. तुमच्या लेकाचं आजार सुरू झाला तेव्हाचं वय सातच्या अलीकडे दोन महिने आहे, पण कड बाहेर यायला लागली आहे. म्हणून माझा कल शहरातल्या डॉक्टरांकडे आहे. हाच मुलगा पाच वर्षांचा असता तर याच एक्स-रेवर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं आणि सहा आठवड्यांनी बोलावलं असतं.

पण लगेच तारीख घेऊ नका. तुमच्या शेवटच्या कागदावर एक ओळ आहे: डावा पाय बाजूला फक्त २० अंश जातो. निरोगी मुलात तो ४५ किंवा अधिक जातो. ही ओळ मला एक्स-रेपेक्षा जास्त खटकते. असा आखडलेला खुबा ऑपरेशनला तयार नाही.

हे मी एका मुलाचं नुकसान करून शिकले. सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका नऊ वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन मी सांधा आखडलेला असतानाच केलं. सुट्टी संपायच्या आत उरकावं असा घरच्यांचा आग्रह होता आणि मी तो मानला. एक्स-रेत हाड छान जुळलं. पाय मात्र कायमचा आतल्या बाजूला ओढलेला राहिला. मांडी घालून बसता येईना, जेवायला पंगतीत तो एक पाय लांब करून बसायचा. वर्षभरानं दुसरं ऑपरेशन करावं लागलं. तेव्हापासून मी आधी हालचाल परत आणते, सुरी नंतर.

हालचाल परत आणायची कशी? दुखण्यामुळे मांडीच्या आतले स्नायू आवळले जातात आणि पाय आत ओढतात. पाय आत ओढला की डोकं बाहेर सरकतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे धावणं, उड्या, जिने, शाळेचं जड दप्तर सगळं बंद. बालरोगतज्ज्ञांनी वजनावर काढून दिलेल्या डोसनं सूज उतरवणारं औषध, जेवल्यावर. रात्री पायाला हलकं वजन लावून ताण देता येतो, ते दवाखान्यात शिकवतील. आणि दिवसातून तीनदा पाय फाकवण्याचा व्यायाम, मुलाला दुखणार नाही इतपतच. कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर केला तर सोपा जातो. एवढ्यानं बहुतेक मुलांची हालचाल मोकळी होते. नाहीच झाली तर भूल देऊन सांध्यात औषध सोडून एक्स-रेखाली बघतात. डोकं आत बसतंय की वाटीच्या कडेवर अडकून उघडतंय हे तेव्हाच कळतं. मग आतला स्नायू थोडा सैल करून दोन्ही पाय फाकवलेले, मधे दांडा घातलेलं प्लास्टर सहा आठवडे. कंपास उघडून ठेवल्यासारखं दिसतं. त्याला पेट्री प्लास्टर म्हणतात. मूल त्यात वैतागतं, पण उशीच्या आधारानं बसून अभ्यास करू शकतं.

आता एक काम तुमच्याकडे. घरात शहाबादी किंवा टाइल्सची फरशी असेल ना? दोन फरश्यांच्या मधली सरळ रेघ शोधा. मुलाला त्या रेघेवर पाठीवर झोपवा, बेंबी आणि दोन्ही टाचा रेघेवर येतील असं. तुम्ही दोन्ही हातांनी त्याच्या कमरेची दोन हाडं धरून ठेवा, कंबर हलता कामा नये, नाहीतर माप खोटं येतं. वडिलांनी आधी उजवा पाय सरळ ठेवून हळूच बाजूला न्यायचा, तुमच्या हाताखालची कंबर हलायला लागली की थांबायचं, टाच जिथे आहे तिथे खडूनं खूण करायची. मग डावा. रेघेपासून दोन्ही खुणांचं अंतर टेपनं मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर रविवारी, त्याच वेळी. डाव्याचं माप वाढत गेलं तर आपण बरोबर चाललोय. दोन रविवार ओळीनं कमी आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी बापानं वर्षभर असं कॅलेंडर ठेवलं होतं. सांधा पुन्हा आखडतोय हे त्याच्या आकड्यांतून मला एक्स-रेच्या आधी कळलं.

ऑपरेशन दोन प्रकारचं असतं. एकात मांडीचं हाड त्याच्या मानेच्या, म्हणजे गोल डोक्याखालच्या अरुंद भागाच्या, खाली कापून १५-२० अंश आत वळवतात आणि प्लेट-स्क्रूनं बसवतात. त्यामुळे डोकं वाटीत खोल जातं. दुसऱ्यात कमरेचं हाड वाटीच्या वर कापून वाटीच पुढे आणि बाहेर झुकवतात, म्हणजे छप्पर लांब होतं. टोरंटोच्या सॉल्टर यांच्या नावानं ते ओळखलं जातं. फार मोठी मुलं किंवा डोकं बरंच बाहेर आलेलं असेल तर काही वेळा दोन्ही करावी लागतात. तुमच्या मुलाच्या वयात, योग्य टप्प्यावर केलं तर दोन्हींचे निकाल सारखेच चांगले आहेत. म्हणून यात सर्जनचा हात कशावर बसलाय ते महत्त्वाचं. मी स्वतः पहिलं करते. त्याचे तोटे मी आधी सांगून टाकते म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. पाय साधारण एक सेंटिमीटर आखूड होतो, लहान वयात त्यातला काही भाग भरून निघतो. खुब्याच्या बाहेरचा स्नायू कमजोर पडतो म्हणून आठ-दहा महिने लंगडणं उलट जास्त दिसतं. आई घाबरते, शेजारी बोलतात, ‘ऑपरेशन करून काय मिळालं?’ साधारण वर्षभरानंतर प्लेट काढायला दुसरं छोटं ऑपरेशन. जंतुसंसर्गाचा धोका थोडा असतोच.

आणि एवढं करूनही डोकं उजव्यासारखं अगदी गोल होईलच याची हमी कोणी देऊ नये. गोल राहिलं तर हा खुबा त्याला आयुष्यभर साथ देईल. थोडं अंडाकृती किंवा चपटं झालं पण वाटीनं तोच आकार घेतला, तर तरुणपण नीट जातं, झीज उतारवयात डोकं वर काढते. चपटं डोकं गोल वाटीत बसलं तर मात्र पन्नाशीच्या आत सांधा झिजतो. आपण जे काही करतोय ते या तिसऱ्या गोष्टीपासून वाचण्यासाठी.

हाडवैद्यांबद्दल तुम्ही सासूबाईंना कसं सांगावं ते विचारलंत. त्यांना सांगा की हाड सरकलेलं नाही, म्हणून बसवण्यासारखं काही नाही. नुसतं तेल हलक्या हातानं चोळलं तर नुकसान नाही, ते आजीनंच करावं, मुलालाही आवडेल. पण जोर लावून पाय ओढणं, फिरवणं अजिबात नको. मऊ झालेल्या डोक्यावर ते हातोडीसारखं बसतं. एका मुलाला असं चौदा महिने चोळून आणलं होतं. आला तेव्हा डोकं बाहेर पडून, वाटीच्या कडेची खाच पडून, नवं हाड भरायलाही लागलं होतं. डोकं आत ठेवायची वेळ निघून गेली होती. मला त्याच्यासाठी जे करता आलं ते फार थोडं होतं.

पट्टे आणि कॅलिपर लावून मुलं फिरवायची पद्धत आता बहुतेक ठिकाणी सोडून दिली आहे, फायदा दिसला नाही. दोन वर्षं पलंगावर ठेवण्याचाही नाही, त्यात मूलच कोमेजतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर द्या, पण त्यानं पर्थेस सुधारत नाही. कोणी स्टेम सेलच्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं तर पैसे वाचवा. मुलांच्या पर्थेसमध्ये त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर जाऊ द्या. धुराचा आणि या आजाराचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, कारण म्हणून सिद्ध नसला तरी.

ऑपरेशनआधी आणखी एक गोष्ट झाली आहे का ते बघा, तुमच्या कागदांत मला ती सापडली नाही: रक्ताची तपासणी. खुब्याचं डोकं असं दिसण्याची दुसरीही कारणं आहेत. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यातही हेच डोकं मरतं. तिथल्या प्रत्येक मुलाची सिकलिंग टेस्ट मी करतेच. तुमचं माहेर नागपूरकडचं आहे असं तुम्ही लिहिलंत म्हणून तुमच्याही मुलाची करा. सिकलसेल असेल तर भूल देतानाही वेगळी काळजी घ्यावी लागते. क्षयरोग अजून आपल्याकडून गेलेला नाही: संध्याकाळचा ताप, वजन घटणं, झोपेत किंचाळून उठणं असेल तर आधी तो नाही याची खात्री करा. दोन्ही खुबे एकाच वेळी, सारखेच बिघडलेले दिसले तर पर्थेसवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, थायरॉइड आणि हाडांच्या वाढीचे आनुवंशिक आजार तपासायचे. पर्थेस १० ते १५ टक्के मुलांत दुसऱ्या बाजूलाही होतो, पण सहसा मागेपुढे. आणि गुडघ्याबद्दल: खुब्याची नस पुढे गुडघ्याकडे जाते म्हणून मूल गुडघा दाखवतं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आणि मूल लंगडतंय, तर खुबा बघायलाच हवा. तुमचे दोन महिने तिथे गेले, ते बहुतेकांचे जातात.

हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठी दोन ओळी, कारण ‘खुब्याचा त्रास’ या एका नावाखाली फार वेगळे आजार येतात आणि वरचं ‘थांबून बघू’ सगळ्यांना लागू नाही. जन्मतः निसटलेला खुबा, म्हणजे बाळाचा एक पाय आखूड किंवा लंगोट बदलताना एक मांडी कमी उघडणं, यात थांबणं हाच तोटा आहे. सहा महिन्यांच्या आत मऊ पट्ट्यांच्या हार्नेसवर बहुतेक वेळा भागतं, दीड वर्षानंतर बहुतेकदा सांधा उघडूनच बसवावा लागतो. वयात येण्याच्या सुमारास, बहुतेकदा वजन जास्त असलेला मुलगा जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणून लंगडायला लागला तर डोकं मानेवरून घसरत असू शकतं. त्याला त्याच दिवशी चालणं बंद करून दवाखान्यात न्या. आणि ताप आलेलं, पाय हलवूच न देणारं मूल असेल तर रात्रीपुरतंही थांबू नका, सांध्यात पू असेल तर तासांचा हिशेब असतो.

तुमच्याकडे परत येते. तीन आठवड्यांनी शहरातल्या डॉक्टरांकडे जाताना दोन्ही फिल्म आणि रविवारची मापं घेऊन जा. नवा एक्स-रे समोरून आणि बेडकासारखे पाय दुमडून, असा दोन्ही प्रकारे काढायला सांगा. त्यांना विचारा की मूल आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे, डोकं किती बाहेर आहे आणि ऑपरेशनच्या दिवशी पाय किती अंश उघडायला हवा असं ते मानतात. जो सर्जन या तीन प्रश्नांना आकड्यात उत्तर देतो त्याच्या हाती मूल द्यायला हरकत नाही. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता हेही निःसंकोच विचारा, आम्हाला राग येत नाही. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तुमच्या मुलाच्या निदानाचा कागद दाखवून, हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी धावपळ होते.

शाळा बंद करू नका. दुसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर मुख्याध्यापकांना पत्र द्या, मी देईन तसं तुमचे डॉक्टरही देतील. मांडी घालून बसायला हरकत नाही, उलट पाय त्यात उघडतो. उकिडवं बसणं टाळा, म्हणून शौचाला काही महिने खुर्चीचा कमोड. पोहणं आणि सायकल चालेल, दोन्हींत खुब्यावर शरीराचं वजन फार येत नाही. ही मुलं स्वभावानं चळवळी असतात, ‘बस’ म्हणून बसत नाहीत. कॅरम, पेटी-तबला, चित्रं, त्याला जे धरून ठेवेल ते द्या. आणि त्याला खरं सांगा. सात वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या पायातलं हाड जुनं झालंय, आतून नवं येतंय, तोवर त्याला जपायचं’ एवढं नीट कळतं.

शेवटी तुम्ही विचारलंत की पुढच्या गणपतीत तो काय करू शकेल. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं असं धरू. एप्रिलअखेर हाड जुळेल. पायावर पूर्ण भार मी साधारण सहा महिने टाकू देत नाही, नवं हाड भरायला लागेपर्यंत, म्हणजे पावसाळा बहुतेक कुबड्यांवर जाईल, चिखलात घसरणार नाही ते बघा. गणपतीत तो स्वतःच्या पायांवर आरतीला उभा असेल, थोडा लंगडत. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायचं नाही. वडिलांच्या खांद्यावर बसून जाऊ द्या.